सेल्मा मावशी आणि पडद्यावरची मूठ

गावात कुणालाही विचारा. सेल्मा चिर्नरनं पुश्मानच्या सिनेमाच्या पडद्यावर बूट फेकून मारला. तोही पडद्यावरच्या व्यापाऱ्याच्या थोबाडावर नाही, सैनिकांवर नाही, तर स्वतःच्या मेलेल्या पोराच्या तोंडावर. बेकरीवाली हे सांगते तेव्हा मान खांद्यात घालते, डोळे मिटते आणि म्हणते, "पोटचा गोळा गं तो, आणि बूट?" तिच्या गोष्टीतला बूट लाकडी तळाचा असतो. पोस्टमन सांगतो तेव्हा त्याच बुटाला खिळे फुटतात. डोंगरापलीकडं पोचेपर्यंत पडदा मधोमध फाटलेला असतो आणि पुश्मान भरपाई मागत उभा असतो.

या सगळ्यांची नक्कल मी करते, आणि बरी करते. पण बूट कुणी फेकला नाही. मी शेजारी बसले होते. सेल्मा मावशीला नीट दिसत नव्हतं म्हणून ती बाकावर उभी राहिली. लोक बसतात तिथं चिखल लागू नये म्हणून आधी बूट काढून हातात घेतले. यंत्राचा उजेड मागून येत होता. हातातल्या बुटाची सावली पडद्यावर पडली, नेमकी तिच्या पोराच्या, आल्विनच्या तोंडावर. झालं एवढंच. पण बाकाला डाग नको म्हणून बूट काढणाऱ्या बाईची गोष्ट कोण सांगत बसणार?

सेल्मा मावशी आमच्या जिन्यावर समोरच्या खोलीत राहते. घुबडडोंगराच्या पायथ्याला आमचं गाव, गावाच्या डोक्यावर कापडाची गिरणी. ती तिथं मागावर, मी त्याच खात्यात दोऱ्याच्या कांड्या पोचवते. तिचा नवरा लढाईत गेला. तोही कुठं गेला ते नीट कळलं नाही, नुसता गेला. कान मागांच्या खडखडाटानं नेले. बोटांची टोकं दोऱ्यानं अशी घासली आहेत की गरम भांडं धरलं तरी तिला उशिरा समजतं. मी एकदा ओरडले, "मावशी, भाजतंय!" तिनं हाताकडं पाहिलं, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "हो की."

आमच्या खात्यात माग चालू असले की तोफ डागली तरी ऐकू येणार नाही. म्हणून सगळे आवाजाशिवाय बोलतात. ओठ जरा जास्त हलवायचे, उरलेलं भुवयांनी सांगायचं. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नवऱ्याच्या सगळ्या भानगडी सांगते आणि मुकादम मधे उभा राहून ठार अडाणी. यात एक रीत आहे. दोघी बोलत असतील आणि ते बोलणं तुमच्यासाठी नसेल, तर डोळे खाली घालायचे. दार लावून घेण्यासारखंच आहे ते. सगळे पाळतात. मी पाळत नाही, म्हणून तर मला एवढ्या नकला येतात.

मुकादमाची येते, पाद्रीबुवांची येते, पुश्मान पैसे घेताना जीभ बाहेर काढतो ती येते. सेल्मा मावशीची येत नाही. माझी ती एकच हार. नक्कल करायला माणसाचं काहीतरी उचलावं लागतं, एखादा डोळा, एखादी लकब. तिच्या चेहऱ्यावर उचलण्यासारखं काही उरलेलंच नाही. पुसलेल्या पाटीची नक्कल कशी करणार?

पूर्वी उरलं होतं. आल्विन होता तोवर ती त्याच्यावर ओरडायची आणि मी जिन्यात बसून दोघांचं नाटक करायचे. आल्विन माझ्याहून जरा मोठा. मागावरचा धोटा उडून त्याच्या उजव्या दाढा गेल्या होत्या, म्हणून तो डावीकडं चावायचा. खाताना अख्खा जबडा डावीकडं जायचा, गाय रवंथ करते तसा. मी ते त्याच्या समोर करायचे. तो म्हणायचा, "मार्टल, एक दिवस तुला पण धोटा लागेल, मग बघू कोण गाय." आणि हसायचा.

गेल्या शरदात बर्लिनहून सिनेमावाले आले. आमच्या पणजोबांनी अठराशे चव्वेचाळीस साली बंड केलं होतं, कापडाच्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या फोडल्या होत्या, मग सैन्य आलं आणि गोळ्या घातल्या. त्या बंडाचा सिनेमा करायचा होता. भुकेले विणकर पाहिजे होते. त्यांनी आमच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, रंगरंगोटी नको, असेच या.

त्या सकाळचं भांडण मला शब्दन् शब्द पाठ आहे. त्यासाठी भिंतीला कान लावावा लागत नाही. बहिरी बाई घरात बोलली की रस्त्यावर ऐकू येतं.

"गिरणी बुडवून सोंगं करायला चाललास?"

"सूप देणारेत, आई. आणि गिरणीपेक्षा जास्त पैसे."

"कशाचे? उपाशी दिसायचे?"

"हो. सोंगाचे जास्त देतात. खऱ्या उपाशाचे गिरणीत मिळतात."

"तोंड बघा याचं! मग जा. ज्यांच्यासाठी उपाशी दिसायचं तेच घालतील खायला."

टेबलावर अख्खा पाव होता. आमच्याकडं पाव घरची बाई कापते. पाव उलटा धरायचा, सुरीच्या टोकानं पाठीवर क्रूस काढायचा, मग पहिला काप. अख्ख्या पावाला दुसऱ्या कुणी सुरी लावली तर घरात मरण येतं म्हणतात. सेल्मा मावशीनं त्या सकाळी पाव कापला नाही. आल्विन थोडा वेळ थांबला. मला दाराच्या फटीतून त्याची पाठ दिसत होती. मग तो निघाला. पावाला त्यानं हात लावला नाही.

मरण आलंच. संध्याकाळी परत येताना मालट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता. वळणावर फळी निघाली. सिनेमावाल्यांनी फुलांचं चक्र पाठवलं, त्यावर रिबीन होती, रिबिनीवर सोनेरी अक्षरात दुसऱ्याच कुणाचं आडनाव होतं. सेल्मा मावशीनं ती रिबीन वाचली, घडी केली आणि परत चक्रावर ठेवली. पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा ती मागावर होती. दोरा तुटला, जोडला. तुटला, जोडला. मी कांड्या ठेवल्या. आणि पुढच्या मागाकडं गेले.

ती रडली नाही म्हणून बायकांनी नावं ठेवली. तिनं फक्त एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्या दिवशी जे जे सिनेमाला गेले होते त्यांच्यापैकी प्रत्येकाला, मागापलीकडून, आवाजाशिवाय.

"आल्विन जेवला होता का?"

लोकांना कळवळा आला. "जेवला की! दोन वाट्या सूप प्यायला." "पोटभर जेवला, मावशी. वाटाण्याचं होतं." "जवाचं होतं, मी शेजारीच होते ना." तिनं प्रत्येकाचे ओठ शेवटपर्यंत पाहिले, मान हलवली आणि मागाकडं वळली. तोंड बघून बोलणं समजणाऱ्या बाईशी खोटं बोलू नये. शिवाय सूप अंधार पडल्यावर आलं हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि आल्विन पहिल्याच ट्रकनं निघाला होता.

म्हणजे प्रश्न तसाच राहिला. आपण उपाशी धाडलेलं पोर उपाशीच मेलं का? ती आणखी काही बोलत नव्हती, पण दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतंही. पाव ती अजून आणायची. क्रूस काढायची, कापायची, दोन काप करायची आणि एक खायची. दुसरा सकाळी कोंबड्यांना.

मग यंदा वसंतात पुश्मानच्या नाचघरात तो सिनेमा आला.

पहिला खेळ शुक्रवारी होता. अख्खी गिरणी लोटली. पडद्यावर पणजोबा, कोट पैसेवाल्यांचे, दाढ्या चिकटवलेल्या. म्होरक्याचं काम करणारा मोठा नट टेबलावर चढला आणि दोन्ही हात पसरून भाषण करायला लागला. पुश्मानची मेहुणी पियानो बडवत होती. आणि नाचघरात हशा पिकला. कारण काय, मुक्या सिनेमात बोलणं लिहून दाखवतात त्या पाटीवर येणार होतं 'बंधूंनो, आता सहन होत नाही', पण तोंडानं तो गडी म्हणत होता, "या टेबलाचा पाय डुगडुगतोय, कुणीतरी धरा की लेको." बर्लिनच्या लोकांना वाटलं असेल की आवाज नाही म्हणजे ऐकणारं कुणी नाही. मरणारी म्हातारी मरता मरता दुसऱ्या नटीला विचारत होती की संध्याकाळच्या गाडीत जागा मिळेल का. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. पुश्मान यंत्रामागून किंचाळला, "अरे, शोकांतिका आहे ही! नीट बघा!"

आणि मग आल्विन आला.

हवेली फोडायचा प्रसंग. दारं मोडतात, लोंढा आत शिरतो, टेबलावरची भांडी उडतात. लोंढ्यात पुढंच आल्विन. तोंड हलतंय, काहीतरी ओरडतोय. मग त्याचा हात वर जातो, मूठ वळलेली, खांद्यावरून मागं. डोळा लवेपर्यंत सगळं होतं आणि पाटी येते, 'भाकर द्या!'

हसणारे पुढं सरकून बसले. पियानोसुद्धा थोडा अडखळला.

मग प्रत्येकानं आपापलं वाचलं. बेकरीवालीनं वाचलं, "आई." कांडीखात्यातल्या पोरींनी वाचलं, "मारा." हिल्शरकाकांनी तर शपथेवर सांगितलं, "'एकजूट' म्हणाला. मी त्याच्या पाठीमागंच होतो. आणि मूठ! काय मूठ उगारली पोरानं!" हिल्शरकाका म्हणजे आमच्या विणकर संघटनेचे पुढारी. बोलताना उजवा हात असा हवेत कापतात की शेजाऱ्यानं टोपी सांभाळावी. त्या दिवशी तेही लोंढ्यात होते, पडद्यावर आल्विनच्या खांद्यामागं त्यांची टोपी दिसते. सिनेमा यायच्या आधीपासून ते मुठीची गोष्ट सांगत होते आणि आता तर पडद्यानंच साक्ष दिली. आठवडाभरात संघटनेच्या खोलीत ती मूठ भिंतीवर रंगवून झाली, मनगटाला आल्विनचा ठिगळाचा कफ. एक मेच्या सभेत सेल्मा मावशीनं त्या भिंतीखाली बसायचं असंही ठरलं. तिला विचारायचं राहिलं.

पुढच्या शुक्रवारी दुसरा खेळ. ती पुन्हा आली, मला घेऊन, कारण माझी नजर चांगली. बाकावर उभी राहिली, बुटाची सावली पडली, लोक ओरडले, ते वर आलंच आहे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत माग थांबले होते. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"मावशी, काय वाचलंत तुम्ही? मला तर 'एकजूट' वाटत नाही. मी 'मारा'च्या बाजूची."

"तो बोलत नाहीये," सेल्मा मावशी म्हणाली.

"तोंड हलतंय की!"

"हलतंय."

"मग?"

"पुश्मान यंत्र फार जोरात फिरवतो. नीट दिसत नाही." तिनं हातातला पाव खाली ठेवला. "आणि ती मूठ नाही."

"अहो मावशी, अख्ख्या गावानं पाहिली! मी तिचं हे असं करून पण दाखवते." मी उठून आल्विनचा हात केला, खांद्यावरून मागं, झपकन. बायका हसल्या. सेल्मा मावशी माझ्या हाताकडं बघत होती.

"परत कर."

मी केला.

"मूठ मारायला उगारतात ती पुढं," ती म्हणाली. "ही मागं का जाते?"

"जोर घ्यायला! पैज लावते, मूठच आहे."

मला वाटलं होतं ती मागाकडं वळेल. पण तिनं विचारलं, "काय लावतेस?"

"मी जिंकले तर आल्विन वाजवायचा तो माउथ ऑर्गन माझा." जीभ सैल सोडली की अशी कुठंही जाते. बायकांनी माझ्याकडं खाऊ की गिळू असं पाहिलं.

"बरं," सेल्मा मावशी म्हणाली. "हरलीस तर मी सांगेन ते करायचं. एकदाच."

मला वाटलं, आल्विनची नक्कल सोड म्हणेल. सोडली असती.

आता पुश्मानला पटवायचं होतं. त्याचं यंत्र हातानं फिरवायचं. शुक्रवारी सिनेमानंतर नाच असतो आणि नाचात बिअर खपते, म्हणून पणजोबांचं बंड तो घोड्यावर बसल्यासारखं उरकतो. मी गेले तेव्हा तो पेले पुसत होता.

"हळू फिरवा? वेडी झालीस? फीत त्या दिव्यापुढं रेंगाळली की पेटते. नाचघर जाळू माझं?"

"थांबवा नाही म्हणत, मालक. थोडं हळू. फक्त हवेलीच्या जागी."

"मला काय मिळणार?"

"रीळ बदलताना तुम्हाला वेळ लागतो, लोक अंधारात बोंबलतात आणि बाहेर जातात. बाहेर गेले की समोरच्या खानावळीत पितात. मी मधल्या वेळात नकला करते. एक जण उठणार नाही."

पुश्माननं जीभ बाहेर काढून हिशोब केला. "माझी करायची नाही."

"तुमची? तुमच्यात करण्यासारखं आहे काय, मालक?" मी म्हटलं, आणि त्याला ते बरं वाटलं.

शेवटचा खेळ रविवारी दुपारी. पहिल्या रिळानंतर मी मुकादम केला. दुसऱ्यानंतर म्होरक्या नट केला, डुगडुगत्या टेबलासकट, आणि लोक बाकांवरून पडायचे राहिले. सेल्मा मावशी पुढच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्याकडं बघून मी दोनदा चुकले. कुणाला कळलं नाही.

मग हवेलीचं रीळ लागलं. मी पळत तिच्याजवळ येऊन बसले. दारं मोडली, आणि पुश्मानचा हात मंदावला. पियानोला ते माहीत नव्हतं, तो आपला जोरात, पण पडद्यावरची माणसं पाण्यातून चालल्यासारखी झाली. भांडी सावकाश उडाली. आल्विन आत आला. टेबलाजवळून जाताना त्याचा हात खाली गेला. जोरात फिरवताना तो दिसतच नसे. हात वर आला. तोंड हललं.

जबडा डावीकडं गेला.

डावीकडं, आणि परत, आणि डावीकडं. मी ते इतक्या वेळा केलं होतं! तोफ डागल्यासारखी पाटी येणार होती पुढं, आणि त्याच्या आधी आल्विन चिर्नर, भुकेल्या विणकराचं काम करत, व्यापाऱ्याच्या टेबलावरचा पाव खात होता. गिळला. गळ्याची गाठ खाली गेली. मग हात खांद्यावरून मागं, बोटं वळलेली, आणि बोटांच्या मधून काहीतरी पांढरं. मागून दुसरा हात आला आणि ते घेऊन गेला. त्या हाताच्या वर हिल्शरकाकांची टोपी.

'भाकर द्या!' पाटी म्हणाली.

रीळ संपलं. माझ्या नकलांसाठी पुश्माननं दिवा लावला. मी नकलेला उठायला हवं होतं, उठले नाही. पुश्मानची मेहुणी बोटं चोळत होती. सेल्मा मावशी बाकावर मागं वळली आणि तिनं अख्ख्या नाचघरावरून शेवटच्या रांगेतल्या हिल्शरकाकांकडं पाहिलं. आणि ओठ हलवले. आवाज नाही.

"कसला होता?"

अख्ख्या नाचघरानं डोळे खाली घातले. रांगेनं, एकामागून एक, गवतावरून वारा जावा तसे. आपापल्या बुटांकडं बघत बसले सगळे. पोरंसुद्धा. मी सोडून.

हिल्शरकाकांचा हात उठला, भाषणाला उठतो तसा, आणि तसाच खाली आला. मग त्यांनी टोपी काढली.

"पांढरा," ते म्हणाले. तसंच, ओठांनी. "गव्हाचा."

"शिळा?"

"नाही. त्यांनी सकाळी आणून ठेवलेला. हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. खाताना जो दिसेल त्याची मजुरी कापणार होते."

"तू सांगितलं नाहीस."

"चोरीचा होता, सेल्मा. पोर मेलेलं. त्याच्या नावावर चोरी कुठं लावू? म्हणून मूठ म्हणालो. मग मूठच होत गेली."

तिची नजर त्यांच्या ओठांवरच होती.

"मोठा तुकडा कुणी खाल्ला?"

"त्यानं," हिल्शरकाका म्हणाले.

ती बघतच राहिली. तिनं डोळे हलवले नाहीत, रागही केला नाही, नुसती वाट पाहिली. तुटलेला दोरा सापडेपर्यंत बघतात तशी.

"मी," हिल्शरकाका म्हणाले. "त्यानं एक घास घेतला. मोठा घास. उरलेला मला दिला. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे त्याला माहीत होतं."

सेल्मा मावशीनं मान हलवली. पुढं वळली. मांडीवर हात ठेवले. "एक घास," ती म्हणाली. आता आवाजानं, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजानं. नाचघरातल्या प्रत्येकाला ते ऐकू आलं, कान काही खाली घालता येत नाहीत. मग पुश्माननं दिवा मालवला. पुढच्या रिळात सैन्य आलं. आमचे पणजोबा मेले. आम्ही बघितलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही, आणि रडलंही नाही, आणि नटांनी काय काय म्हटलं ते कुणी वाचलं नाही.

बाहेर येताना हिल्शरकाका दाराशी थांबले होते.

"भिंत पुसून टाकू का?" त्यांनी विचारलं.

"राहू दे," सेल्मा मावशी म्हणाली. "रंग चांगला लागलाय. तिथं बसायला मी येणार नाही मात्र."

आम्ही दोघी जिना चढलो. मी माझ्या दाराकडं वळणार तोच तिनं माझी बाही धरली.

"पैज."

"माहितेय, मावशी. नाही करणार मी आल्विनची नक्कल. परत कधीच नाही."

"ते मी मागितलं का?"

खोलीत तिनं मला आल्विनच्या खुर्चीवर बसवलं. ती भिंतीकडची खुर्ची, एक पाय आखूड. टेबलावर नवा पाव होता. तिनं तो उलटा धरला, सुरीच्या टोकानं पाठीवर क्रूस काढला आणि पहिला काप कापला. जाड. गिरणीवर जाणाऱ्याला कापतात तेवढा. वर चरबी लावली, मीठ टाकलं आणि माझ्यापुढं ठेवला. स्वतः समोर बसली.

"खा."

"एवढंच?"

"त्याच्यासारखं."

मी माझ्या आयुष्यात देवळात, गिरणीत, पुरायच्या वेळीसुद्धा नकला केल्या आहेत, पण कुणी मागून घेतलेली ही पहिलीच. मी घास घेतला. जबडा डावीकडं नेला. परत आणला. डावीकडं. पाव ताजा होता, आणि पैज म्हणजे पैज. सेल्मा मावशी माझ्या तोंडाकडं बघत होती, चार मागांपलीकडून कुणी बोलत असलं की बघतात तशी. रडायची लक्षणं नव्हती. काहीच लक्षणं नव्हती. मी चावत होते, ती बघत होती, खाली रस्त्यात कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं.

मग मला दिसलं की तिचं तोंडही हलतंय. अगदी थोडं. लहान पोराला भरवताना बाईचं हलतं तसं. माझा जबडा डावीकडं गेला की तिचाही जायचा. तिला ते माहीत नव्हतं.

मी सगळा काप संपवला. तिनं सुरी उचलली आणि दुसरा कापायला घेतला.

"मावशी, एकदाच ठरलं होतं," मी म्हटलं. तोंडात शेवटचा घास होता.

"भरल्या तोंडानं बोलू नकोस," सेल्मा मावशी म्हणाली. "काही दिसत नाही." आणि दुसरा काप माझ्यापुढं सरकवला.

मी हरले होते. खाल्ला.